पिसोरी दिसली तेव्हा

"चष्मा काढ," सोनाआत्या म्हणाली. "आणि ते लोक एस.टी.त बसेपर्यंत पुन्हा हात लावायचा नाही त्याला."

जनावरबागेच्या फाटकाशी, चिंचेखाली आम्ही तिघं उभे होतो. आत्याच्या हातात लाडू-चिवड्याचा डबा, बाबांच्या हातात चहाचा थर्मास, आणि माझ्या अंगावर आत्याची मोतिया रंगाची साडी. ती साडी तिनं सकाळपासून तीनदा सोडून तीनदा नेसवली होती.

"आत्या, चष्मा काढला की मला तूसुद्धा दिसत नाहीस गं."

"मी दिसून काय करायचंय? तू दिसली पाहिजेस. ते मुलगी बघायला येताहेत. तुला कोणी काय बघायला सांगितलंय?"

मी चष्मा काढला. बाबांनी हात पुढे केला, चष्मा त्यांच्या निळ्या पत्र्याच्या डबीत ठेवला आणि डबी मिटली. त्या डबीचा एक ठरलेला 'टक्' आवाज होता. तो झाला आणि माझ्यापुढच्या जगाची लापशी झाली. फाटक, चिंच, शेंगावाली, सगळं एकमेकांत मिसळून गेलं.

ही गोष्ट बहात्तर सालची. मी बावीस वर्षांची होते, बी.ए. झाले होते, आणि माझ्या डोळ्यांना वजा साडेपाचचा नंबर होता. मुलाला चष्मा असला तर मुलगा अभ्यासू. मुलीला असला तर खोट. तीन स्थळं येऊन गेली होती. तिघांनीही चिवडा खाल्ला, तिघांनीही 'कळवतो' म्हटलं, आणि तिघांचीही कार्डं आली. मुलगी चांगली आहे, पण. त्या 'पण'च्या पुढे कोणी काही लिहिलं नव्हतं.

तिसरं कार्ड वाचल्यावर बाबा बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. मग म्हणाले, "मीच लावला तुला चष्मा." ते असं म्हणाले, जसं काही त्यांनी मला आजारच दिला होता. त्या दिवशी मी ठरवलं की चौथं कार्ड तसलं येऊ द्यायचं नाही. मला लग्नाची फार घाई होती असं नाही, पण बाबांना पुन्हा त्या खुर्चीत तसं बसलेलं मला बघायचं नव्हतं. म्हणून आत्यानं चष्मा काढ म्हटल्यावर मी काढला, आणि बाबांनी तो घेतला. आम्ही दोघं एकमेकांसाठी खोटं वागत होतो आणि तसं बोलत मात्र नव्हतो.

आता मुलगी दाखवायचा कार्यक्रम जनावरांच्या बागेत का? तर आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात आदल्याच दिवशी मयत झालं होतं. पलीकडे रडारड चाललेली असताना अलीकडे लाडू खायचे कसे? आणि मुलाकडची बारटक्के मंडळी आमच्या गावात कुणाच्या तरी लग्नाला आली होती, पाचच्या एस.टी.नं परत जायची होती. आत्यानं निरोप धाडला, बागेत भेटू, मोकळी हवाही आहे. मुलाकडून उलट निरोप आला की उत्तम, मुलाला तशीही बाग बघायचीच आहे. मुलगा कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. आत्याला हे शुभ वाटलं.

ही बाग म्हणजे संस्थानच्या राजांनी हौसेनं ठेवलेली जनावरं. राजे गेले, जनावरं नगरपालिकेकडे आली. फार काही नव्हतं. एक म्हातारं तरस, मोर, मगरीचं डबकं, माकडं. पण मागच्या कोपऱ्यात, बांबूच्या बेटाआड, चार पिंजरे होते आणि त्यांच्यावर पाटी होती, 'दुर्मिळ प्राणी'. उदमांजर, खवल्या मांजर, शेकरू आणि पिसोरी. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. त्या पाट्या बाबांनीच रंगवल्या होत्या. बाबा म्हणजे खटावकर मास्तर, नगरपालिकेच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर. हिरव्या पत्र्यावर पिवळी अक्षरं.

माझी आई मी पाच वर्षांची असताना गेली. तेव्हापासून दर रविवारी बाबा मला बागेत न्यायचे. नियम एकच, चारही दुर्मिळ प्राणी दिसल्याशिवाय भाजक्या शेंगा मिळायच्या नाहीत. बाबा जाळीशी वाकून बोट दाखवायचे. "ती बघ शरू, ओंडक्यामागं. दिसली?" मला ओंडका पण धड दिसायचा नाही. मला वाटायचं, जग असंच असतं, आणि बाबांना दिसतं ते मोठ्या माणसांनाच दिसत असेल. शेंगा हव्या असायच्या आणि बाबांचा चेहरा उजळलेलाही हवा असायचा. मी म्हणायचे, "दिसली! किती गोड आहे!"

चार वर्षं मी हे 'दिसली' म्हणत होते. मग नऊ वर्षांची असताना एका रविवारी घरी आल्यावर बाबा म्हणाले, आज जे पाहिलंस ते काढून दाखव. मी पिसोरी काढली. हरीण म्हटल्यावर शिंगं हवीत म्हणून तिला फांद्यांसारखी मोठी शिंगं काढली. पिसोरीला शिंगंच नसतात. बाबा हसले. म्हणाले, आता खवल्या मांजर काढ. मी एक मांजर काढलं, मिशांसकट, आणि त्याच्या अंगावर माशाचे खवले काढले. नावात मांजर आहे म्हटल्यावर मी तरी काय करणार? त्या जनावराचा मांजराशी काडीचा संबंध नाही, ते लांब तोंडाचं आणि लांब शेपटीचं, मुंग्या खाणारं असतं, हे मला कसं कळावं?

बाबांचं हसू थांबलं. त्यांनी दोन्ही कागद हातात धरले आणि म्हणाले, "शरू, तुला कधी दिसलंच नाही का गं?"

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून त्यांनी मला मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. आत्या तेव्हाच ओरडली होती, मुलीच्या जातीला चष्मा लावू नको, पुढं जड जाईल. बाबांनी ऐकलं नाही. पुढच्या रविवारी मी पहिल्यांदा पिसोरी पाहिली. बारीक काड्यांसारखे पाय, अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे, आणि घाबरली की एक पाय वर उचलून धरायची सवय. त्या दिवशी मी शेंगा मागायला विसरले. मग पुढं दहा-बारा वर्षं त्या बागेत पिसोरी मला आधी दिसायची आणि बाबांना नंतर.

तर अशा माझ्या राज्यात मी त्या दिवशी आंधळी होऊन शिरले.

बारटक्के मंडळी कारंज्याजवळच्या बाकावर बसली होती, म्हणजे आत्यानं मला तसं सांगितलं. मला एक पांढरट ठिगळ दिसलं आणि एक निळसर. आत्याचा माझ्या दंडाला चिमटा बसला. तो नमस्काराचा. मी निळसर ठिगळापुढे वाकले.

"अहो, नको, नको," एक तरुण आवाज गडबडून म्हणाला.

"आधी त्यांच्या आईला, शरू," आत्या दातांतून म्हणाली, मग मोठ्यानं, "लाजलीय हो फार!"

पांढरं ठिगळ मुलाची आई होती. बारटक्केकाकू. आवाज खणखणीत, प्रश्न ठरलेले. पुरणपोळी येते का, पहाटे उठतेस का, शिवणटिपण काय करतेस?

"सुई ओवता येते ना गं? हल्लीच्या शिकलेल्या मुलींना दोरा दिसत नाही म्हणे."

"येते की," मी अगदी खरं सांगितलं. सुई ओवण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. नाकाजवळचं मला सगळं दिसायचं. माझी अडचण सुईच्या पलीकडे सुरू व्हायची.

आत्यानं डब्याला हात घातला, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आपण आधी पिंजरे बघायचे का? नंतर वेळ राहणार नाही."

"मुकुंद, अरे बसायचं सोडून..." काकू म्हणाल्या, पण तो उठला होता. आवाज मऊ होता, शब्द जपून ठेवल्यासारखे यायचे. चेहरा कसा होता ते मला विचारू नका. मुलगा बघायचा म्हणून मी तिथं गेले होते आणि मला मुलाच्या जागी निळा शर्ट दिसत होता.

आम्ही निघालो. मी आणि तो पुढे, बाकीचे चार पावलं मागं. बाग मला पाठ होती, त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला.

"हे तरस," मी म्हटलं. "मागच्या भिंतीला टेकून बसतं नेहमी."

"हो, हो. बसलंय," तो म्हणाला.

"आणि ही मगर. लाकडाच्या ओंडक्यासारखी पडून असते."

"अगदी ओंडका वाटतेय."

मला हायसं वाटलं. मुलगा वाद घालणारा दिसत नव्हता. शेकरूच्या पिंजऱ्यापाशी एक पायरी आहे. मी ती सवयीनं चढले, तो अडखळला, माझ्या खांद्याला त्याचा धक्का लागला आणि तो तीनदा सॉरी म्हणाला. मागं आत्या गालात हसली असणार. तिला यातही शुभ दिसलं असणार.

"पाटीवर काय लिहिलंय?" त्यानं विचारलं.

मला पाटी कुठे दिसत होती? पण बाबांच्या हातची पाटी. मी घडाघडा म्हणून दाखवली. "शेकरू. मोठी खार. झाडावरच घरटं बांधते. कृपया खायला घालू नये."

"अक्षर फार सुरेख आहे," तो म्हणाला.

"आमच्या गणूचंच आहे," आत्या मागून म्हणाली. "रंगवलेल्या पाट्या सगळ्या गावात आहेत त्याच्या." बाबा काही बोलले नाहीत. एरवी पाट्यांचा विषय निघाला की त्यांना आवरावं लागायचं.

उदमांजर झोपलं होतं, असं मी सांगितलं, आणि तो हो म्हणाला. खवल्या मांजर अंगाची गुंडाळी करून बसलं होतं, असं मी सांगितलं, आणि तो पुन्हा हो म्हणाला. तेव्हाच मला काहीतरी खटकायला हवं होतं. जीवशास्त्र शिकवणारा माणूस खवल्या मांजरापुढे उभा राहून नुसतं हो म्हणतो? पण मला स्वतःचीच चोरी लपवायची होती, दुसऱ्याची कुठून दिसणार?

मग शेवटचा पिंजरा आला, आणि त्याची चाल बदलली. तो जाळीपर्यंत गेला आणि दोन्ही हातांनी जाळी धरली.

"पिसोरी इथंच ना?" तो हळूच म्हणाला.

"इथंच."

"मी पुस्तकात चित्र पाहिलंय फक्त. आंबोलीच्या जंगलात दोनदा जाऊन आलो. एकदा चार दिवस राहिलो. पायांचे ठसे मिळाले, ती नाही दिसली." तो थांबला, आणि मग मागच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "खरं सांगू का? मी हिच्यासाठीच आलो. रागावू नका."

मला राग आला नाही. उलट त्या दुपारी पहिल्यांदा बरं वाटलं. मला पिठलं येतं की पुरण येतं यापलीकडचं काहीतरी हवं असलेला माणूस माझ्याशेजारी उभा होता, आणि त्याला जे हवं होतं ते मला या गावात सगळ्यात चांगलं दाखवता आलं असतं. चष्मा असता तर.

पिंजऱ्याच्या बाजूनं बादलीचा आवाज आला. दौलूमामा. तिथला राखणदार, मला फ्रॉकात असल्यापासून ओळखणारा.

"काय मास्तर, आज आईतवार न्हाई तर वाट वाकडी केली? अन् ह्या कोण, शरूताई व्हय? वळखलंच न्हाई. काय तरी येगळंच दिसतंय आज तुमचं..."

"साडी नवीन आहे!" आत्या जवळजवळ किंचाळली.

"आसंल, आसंल. बसलीया बगा आत. आवाज करू नगा, घाबरट हाय लई." दौलूमामा बादली घेऊन नळाकडे गेला.

आत वाळलेल्या पानांचा तपकिरी रंग, एक गडद पट्टा म्हणजे ओंडका असणार, आणि एक फिकट गोळा. पिसोरी या तपकिरीत कुठेही असू शकत होती. मुकुंद बारटक्के किती वेळ बघत राहिला सांगता येत नाही. मागं काकूंनी उसासा टाकला.

"दिसली का रे एकदाची? पाचची गाडी आहे आपली."

"हो," तो म्हणाला. "दिसली. ती तिथं, मधोमध." मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला दिसली?"

त्याचं बोट त्या फिकट गोळ्याच्या दिशेनं असावं. मी मान डोलावली आणि म्हणाले, "दिसली! किती गोड आहे!"

शब्द तोंडातून गेले आणि मला ऐकू आले. मला माझाच नऊ वर्षांची असतानाचा आवाज ऐकू आला. तेच शब्द, तीच उडी मारणारी चाल. शेंगांसाठीचा आवाज.

मागं बाबा खोकले.

"शरू," ते म्हणाले, "काय दिसलं?"

"पिसोरी, बाबा."

"कुठं आहे?"

मी त्या तपकिरीत शोधू लागले. आणि मग तो आवाज आला, टक्. डबी उघडल्याचा.

"गणू!" आत्या म्हणाली. "गणू, काय करतोयस तू? अरे वेडा झालास का?"

बाबा माझ्यापुढे येऊन उभे राहिले. त्यांनी रुमालानं दोन्ही काचा पुसल्याचं मला जवळून दिसलं.

"हे 'दिसली' मी ओळखतो," ते म्हणाले. "चार वर्षं ऐकलंय मी ते. पुन्हा नाही ऐकवत मला. घाल."

"बाबा, पण..."

"घाल, बाळ. राहू दे लग्नाचं."

मी चष्मा घातला.

सगळं जग जागच्या जागी येऊन उभं राहिलं. आत्यानं डोक्याला हात लावला होता. काकू गोऱ्या, नीटस, ठसठशीत कुंकवाच्या, तोंड उघडं. बाबांचे डोळे भरलेले. पिंजऱ्यात मधोमध, जिथं आम्ही दोघांनी ती गोड पिसोरी पाहिली होती, तिथं पाण्याची मातीची परळ उपडी पडली होती. आणि खरी पिसोरी डावीकडे ओंडक्याच्या टोकाशी, पानांत पानांसारखी होऊन बसली होती.

"चष्मा?" काकू म्हणाल्या. "अहो, तुम्ही बोलला नाहीत चष्म्याचं! किती नंबर आहे?"

"फक्त वाचायला लागतो हो," आत्या म्हणाली.

"साडेपाच," बाबा म्हणाले. "वजा. नेहमी लागतो. नऊ वर्षांची असल्यापासून."

"साडेपाच! मग ही फसवणूक नाही तर काय आहे? मुकुंद, चल. चल आधी."

तेव्हा मी मुलगा पाहिला. बघायला आले होते तो, तासाभरानं. उभट चेहरा, विरळ भुवया, डोळे बारीक करून अजूनही त्या उपड्या परळीकडे लावलेले. आणि नाकाच्या दोन्ही अंगांना, शेंगदाण्याएवढे दोन काळपट खळगे.

हे खळगे कशानं पडतात ते मला आरशात रोज दिसायचं. तेही माझ्यापेक्षा खोल होते. जाड काचेचे.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फसवणूक म्हणे! एका वाक्याचं काम होतं. काकू, तुमच्या मुलाचा चष्मा कुठं ठेवलाय, पिशवीत की बटव्यात? वाक्य जिभेवर तयार होतं, आणि बोलले असते तर बाबांची मान तिथल्या तिथं वर झाली असती. आत्यानं तर आयुष्यभर सांगितलं असतं सगळ्यांना.

पण तो आईच्या हाकेला हललाच नाही. जाळी धरून तसाच उभा. दोनदा जंगल पालथं घालून, शेवटी एवढ्या जवळ येऊन, तो मातीच्या परळीला पिसोरी समजून डोळ्यांत साठवत होता. का मनातून त्यालाही माहीत होतं, आणि तरीही हलवत नव्हतं? मला एकदम ती शिंगांची पिसोरी काढणारी मुलगी आठवली, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं मला त्याचं.

मी चष्मा काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"हा घालून बघा," मी म्हटलं. "ओंडक्याच्या डाव्या टोकाला. परळीकडे नका बघू."

"अगं, त्याला कशाला तुझा..." काकू म्हणाल्या आणि अर्ध्यातच थांबल्या.

माझ्या हातातून चष्मा गेला एवढं कळलं. माझा तो मरून रंगाचा, वर उचललेल्या टोकांचा बायकी चष्मा. तेव्हा तीच फॅशन होती. तो त्यानं आईदेखत, आत्यादेखत, दौलूमामादेखत नाकावर चढवला. मला परत लापशी. मी फक्त ऐकत होते.

मग त्याचा श्वास आत गेलेला ऐकू आला.

"दिसली," तो म्हणाला.

हे 'दिसली' वेगळं होतं. मीच नव्हे, बाबाही ते ओळखून गेले असतील.

"काय करतेय?" मी विचारलं.

"पाय उचललाय तिनं. पुढचा. तसाच धरलाय."

"घाबरली की धरते. थोडा वेळ हलू नका, मग खाली ठेवते."

"पट्टे अगदी... पुस्तकातले पट्टे चुकीचे आहेत," तो म्हणाला. मग एकदम, "ठेवला! खाली ठेवला."

"मुकुंद," काकू म्हणाल्या. आता आवाज खणखणीत नव्हता.

नळावर दौलूमामाची बादली भरत होती, तिचा आवाज येत होता. भरत भरत काठोकाठ आली, वाहायला लागली. मग बाबा खाकरले, आणि माझ्या तळहातावर चष्मा आला. तो घालेपर्यंत मायलेक बांबूच्या बेटाशी पोचलेसुद्धा होते. मला त्याची पाठ दिसली आणि तो पायरीवर पुन्हा अडखळलेला दिसला.

डबा तसाच बंद घरी आला. आत्या तीन दिवस बाबांशी बोलली नाही. मला ती म्हणायची, "बापानं हातानं मोडलं गं तुझं लग्न." बाबा खुर्चीत बसायचे, पण पूर्वीसारखे नाही. त्यांनी एक नवा कागद घेऊन पिसोरी काढायला घेतली होती, बिनशिंगांची.

बाराव्या दिवशी कार्ड आलं. आत्यानं हातात घेतलं, तिला वाचता येत नव्हतं म्हणून बाबांना दिलं, आणि उभी राहिली. बाबांनी मोठ्यानं वाचलं. त्या कार्डातलं सगळं मला अजून पाठ आहे.

'ती. खटावकर मास्तरांना सा. न. मला वजा सातचा चष्मा आहे. दोन ठिकाणी त्यावरून नकार आला म्हणून आईनं तो पिशवीत ठेवायला लावला आणि मी ठेवू दिला. चूक तिच्यापेक्षा माझी. येत्या रविवारी चष्मा लावून पुन्हा बाग बघायला यावं असं मनात आहे. आपली व आपल्या मुलीची हरकत नसल्यास कळवावे.'

"मुलगी पसंत का नापसंत, ते लिहिलंच नाही!" आत्या म्हणाली. "परत वाच."

"लिहिलंय," बाबा म्हणाले, आणि कार्ड माझ्या हातात दिलं.

बारटक्के घरात मी सेहेचाळीस वर्षं नांदले. सासूबाईंनी मला चष्म्यावरून कधी एक शब्द ऐकवला नाही. ऐकवायची सोयच नव्हती. मुलांना दोघांनाही चष्मे लागले, नातीला लागला, आमच्या घरात सकाळी उठल्यावर आधी सगळे चाचपडतात. बाग कधीच बंद झाली. जनावरं दुसरीकडे हलवली म्हणे. दौलूमामा गेला, आत्या गेली. बाबा गेले त्यालाही आता तीस वर्षं झाली.

बाबा एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगायचे. जावई घरी आले आणि पानं वाढली की हमखास. म्हणायचे, "शरू, त्या दिवशी त्यांनी तुझा चष्मा लावला ना, तेव्हा पिसोरी पाहिली जेमतेम मिनिटभर. मग मान वळवली आणि तुझ्याकडे बघत उभे राहिले. दौलूची बादली भरून वाहायला लागली तरी बघतच होते. शेवटी मला खाकरावं लागलं."

मला ते दिसलं नाही. माझ्या आयुष्यात मला कोणी तसं पाहिलं असेल तर ते त्याच वेळी, आणि त्या वेळी माझा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. मी समोर उभी होते आणि मला निळा शर्ट दिसत होता. बघणारे बाबा होते, ते राहिले नाहीत. परवाच्या श्रावणात हेही गेले.

यांना मी किती वेळा विचारलं असेल. भांडणात विचारलं, लाडात विचारलं, दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात उशाशी बसूनही विचारलं. "खरं सांगा, बादली भरेपर्यंत काय बघत होतात?"

दर वेळी उत्तर एकच. चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकानं काचा पुसायचे, पुन्हा नाकावर चढवून माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे,

"पिसोरी."